ओहोळाची वाटी

माझ्या थोरल्या जावेचा मी आयुष्यभर मत्सर केला. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी माझ्याकडून मोठेपणाची अपेक्षा ठेवणार नाही. आमच्या गावचा ओहोळ कसा राहिला हे सांगायला बसलं की लोक तिच्यापासून सुरुवात करतात आणि तिच्यापाशीच संपवतात. तिला जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी ते सुरू झालं की मी उठून आत निघून जाते.

तोंडावर मी तिला अहो-जाहो करत असे. मनात मात्र ‘ती’. इथे मनातलंच लिहिते.

माझं माहेर खालापूरकडचं. वडील शाळामास्तर होते. पोरीला अक्षरं शिकवली म्हणून भावकीनं त्यांना नावं ठेवली, पण त्यांनी ऐकलं नाही. लग्न होऊन मी आले ती कर्जत तालुक्यात, कशेळ्याच्या अलीकडे, अगदी डोंगराला टेकलेल्या गावात. दहा घरं. त्या दहा घरांत लिहितावाचता येणारं माणूस एकच, आणि ती मी, नवी सून. आता आपल्याला किती मान मिळेल, असं माझ्या मनात होतं. पत्रं, नोटिसा आल्या की मला वाचायला लावत, हे खरं. पण मी दाराआडून वाचायचं आणि ऐकून झालं की सगळ्यांनी माझ्या जावेकडे वळून विचारायचं, “आक्का, तुजं काय म्हननं हाय?”

आक्काला अक्षर येत नव्हतं. नवरा लग्नानंतर दोन वर्षांत गेला होता, मूलबाळ नव्हतं, आणि जमीन दिराच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, नावावर झाली होती. आमच्याच चुलीवर तिची भाकर भाजली जायची. ती भाकर मी भाजायची. आणि गावाचा सगळ्यात मोठा मान होता तिच्याकडे. तो मान म्हणजे पाण्याची वाटी.

डोंगरातून आमचा ओहोळ खाली यायचा. भात कापून झालं, दिवाळी सरली की दहाही घरं मिळून त्याला दगडमातीचा, पळसाच्या पानांचा बांध घालत आणि पाणी पाटाला लावत. त्या पाण्यावर कांदा, मिरची, वांगी, काकडीचे वाफे. ती भाजी कर्जतला आणि कशेळ्याच्या बाजाराला जायची. उन्हाळ्याचं मीठमिरची, कापडचोपड सगळं त्यातून. नुसत्या भातावर आमच्यातलं एकही घर वर्ष काढू शकलं नसतं.

सूर्य उगवला की पाणी पाटात, मावळला की बांधाचं तोंड मोकळं. रात्रीचं पाणी ओहोळाचं. ते खालच्या कातकरवाडीला आणि गुरांना. दिवसाचं पाणी दहा घरांत सारखं वाटायचं, म्हणून ही वाटी. तांब्याची, बुडाला बारीक भोक. पाणी भरलेल्या घंगाळात ती तरंगत सोडायची. भोकातून हळूहळू भरत ती बुडाली की एक वाटी झाली. प्रत्येक घराला तीन वाट्या. थंडीत दहा घरांच्या तीस वाट्या झाल्या की दिवस मावळायला यायचा. उन्हाळ्यात दिवस वाढला की जे उरेल ते देवीच्या तळ्याला. रोज क्रम एकानं पुढे सरकायचा, म्हणजे आज जे घर पहिलं ते उद्या शेवटी.

ही वाटी कुणी राखायची, याचा नियम पक्का होता. जिला स्वतःचा वाफा नाही, जिला पाण्याची पाळी नाही, तिनंच. पाण्यात जिचा जीव अडकलेला नाही तिचाच डोळा सरळ राहतो, असं जुनी माणसं म्हणत. आक्काच्या आधी अशीच एक विधवा होती, तिच्याआधी कोण होतं ते कुणाला आठवत नव्हतं. आक्का सकाळी बांधाशी घंगाळ मांडून बसायची ती संध्याकाळी उठायची. वाटी बुडाली की ज्याची पाळी त्याच्या नावानं हाक. तिची हाक गेली की भांडकुदळातला भांडकुदळ माणूसही निमूट पाटाचं तोंड दुसऱ्याच्या वाफ्याला वळवायचा. माझा नवरासुद्धा. घरात माझ्यावर आवाज चढवणारा हा माणूस, तिनं हाक मारली की फावडं खांद्याला लावून निघायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मी एकदा म्हणाले होते, “आपल्याकडे घड्याळ आणलं तर? मला वेळ वाचता येते.”

बाया फिदीफिदी हसल्या. एक म्हणाली, “तुजं घड्याळ तुज्या वाफ्याला जास्त पाजंल गं!” मला वाफा होता ना. मला वाटी कधीच मिळणार नव्हती. ज्या बाईकडे काहीच नव्हतं तिच्याकडची एकुलती एक गोष्ट मला हवी होती, आणि ती नाही म्हणून मी जळत होते. तेव्हा हे असं दिसत नव्हतं. तेव्हा वाटायचं, अडाणी बाईला डोक्यावर चढवून ठेवलंय.

अशात एका साली, बांध नुकताच घातला होता, वरच्या ठाकूरवाडीतला म्हातारा भल्या सकाळी खाली आला. ओटीवर टेकला आणि म्हणाला, “वरती निशानं ठोकल्यात. लाल. साखळी घेऊन मानसं फिरत व्हती. पानी नळात घालनार म्हनं.”

मुंबईचा कोणी शेठ होता. पलीकडच्या माळावर त्याला हवा खायला येणाऱ्यांसाठी बंगले बांधायचे होते, भोवती बागा करायच्या होत्या. त्यासाठी आमचा ओहोळ वरच अडवून नळानं तिकडे न्यायचा बेत होता. खोपोलीला डोंगरातून लोखंडी नळांनी पाणी सोडून वीज करतात, हे आमच्यातल्या दोघांनी तिथे मजुरीला जाऊन पाहिलं होतं. केवढाले नळ, ते दोन्ही हात पसरून दाखवत. आमच्या ओहोळाला एवढा नळ लागणारच नव्हता. बोटाएवढाही पुरला असता.

मग नोटीस आली. ती मी दाराआडून वाचली. शेठच्या अर्जात म्हटलं होतं की हे पाणी वाया जातं, गावाचा त्यावर काही रीतसर वापर नाही, मर्जीला येईल तो पाट फोडतो. कुणाची हरकत असेल तर मामलेदार जागेवर येऊन चौकशी करतील. गावानं हरकतीचा अर्ज करायचं ठरवलं. तो कोण लिहिणार? मीच. तीन दिवस मी तो लिहीत होते. दहा घरं, तीन वाट्या, थंडीत उगवतीपासून मावळतीपर्यंत तीस वाट्या, पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट, सगळं व्यवस्थित. सगळ्यांनी खाली अंगठे उठवले. आता तरी, मला वाटलं.

अर्ज घेऊन कर्जतला निघालेला आमचा चुलतसासरा ओटीवरून म्हणाला, “कागद काय, कोनी बी लिवंल. सायेबाला आपली आक्का दाकवायची. तिची वाटी बगितली का सायेब गप.”

कोनी बी लिवंल! तीन दिवस माझी बोटं शाईनं काळी झाली होती.

त्याच आठवड्यात मी ते केलं. उजाडायच्या आधीची वेळ होती. आक्काला ताप भरला होता म्हणून त्या दिवशी घंगाळाशी तिची म्हातारी, बिनवाफ्याची मावशी बसणार होती, आणि वाटी धुऊन घरातल्या कोनाड्यात ठेवली होती. मी कपाळाला कुंकू लावायला बसले होते. आम्ही तेव्हा आधी मेण लावायचो आणि त्यावर कुंकू, म्हणजे घामानं ओघळत नाही. करंड्यातलं मेणाचं बोट कपाळाकडे जाता जाता कोनाड्याकडे गेलं. भोकाच्या कडेला इतकंसं मेण. आतून. पाणी येईल, पण जरा सावकाश. एवढंच.

मला जास्तीचं पाणी नको होतं. वाटी सावकाश बुडाली तर सगळ्यांचीच पाळी लांबणार आणि शेवटच्या घराची वाटी अंधारात जाणार. क्रम रोज सरकत असल्यामुळे दर दिवशी नव्या घराचं नुकसान. मग लोक म्हणतील, आक्काची नजर चुकते, आक्का डुलक्या काढते. एवढं ऐकायला मिळालं असतं तरी माझं पोट भरलं असतं. आठ दिवसांनी मेण काढून टाकायचं मी ठरवलं होतं.

आणि ऐकायला मिळालंही. चौथ्या-पाचव्या दिवशी एक घर कुरकुरलं, “आमची तिसरी वाटी झालीच नाय, दिस बुडाला.” दुसऱ्या दिवशी दुसरं. बाया पाटावर कुजबुजू लागल्या. मी भांडी घासत कान देऊन बसायचे. कुणी माझ्याकडे बघितलं की म्हणायचे, “थकल्या हो आता त्या.” काय गोड वाटायचं ते म्हणताना!

पण आक्काचा जीव थाऱ्यावर राहीना. तिनं वाटी घरात ठेवणंच बंद केलं. दिवसभर घंगाळात, आणि मग पदराच्या गाठीत. झोपतानाही गाठ कमरेला. तिला वाटलं असावं, वाटीला दृष्ट लागली. माझी आठ दिवसांची मुदत टळून गेली आणि मेणापर्यंत माझा हात पोचेना. तेवढ्यात निरोप आला की परवा मामलेदार येतायत.

ते आले तेव्हा सगळं गाव बांधावर. वाटीचं काम बायकांचं म्हणून आम्हीही पदर ओढून एका बाजूला उभ्या. शेठकडचा मुनीम पांढरंशुभ्र धोतर सावरत दगडावर बसला होता. मामलेदार पोक्त, शांत माणूस. माझा अर्ज त्यांच्या हातात होता. त्यांनी तो मोठ्यानं वाचला तेव्हा मला क्षणभर उंच झाल्यासारखं वाटलं. मग त्यांनी विचारलं, “वाटी कोण राखतं?”

आक्का पुढे झाली. गाठ सोडून तिनं वाटी घंगाळात ठेवली. मामलेदारांनी खिशातलं घड्याळ काढलं आणि झाकण उघडलं. ते घड्याळ बघून मी एक पाऊल मागे सरकले. वाटी सावकाश बुडते हे गावाला नुसतं वाटत होतं. या माणसाला ते मोजता येणार होतं.

पाण्याचा आवाज आणि मुनिमाचं खाकरणं. वाटी बुडाली.

“चोवीस मिनिटं,” मामलेदार म्हणाले. त्यांनी अर्जाच्या कडेला आकडे मांडले. “तीस वाट्यांचे बारा तास होतात. आजचा दिवस साडेअकरा तासांचाही नाही. मग उगवतीपासून मावळतीपर्यंत तीस वाट्या बसतात कशा?”

मुनीम हसला. “मी काय सांगत होतो, रावसाहेब? हे सगळं अर्जापुरतं. वाटी कालपरवा कुठून तरी आणलेली. माप नाही, वहिवाट नाही, काही नाही.”

माझा नवरा, चुलतसासरा, सगळे एकमेकांकडे बघायला लागले. खरं बोलत असूनही त्यांना ते सिद्ध करता येईना. सगळ्यांचे वाफे तिथेच पाटाखाली हिरवे दिसत होते. आक्कानं पाण्यातून वाटी काढली, उन्हाकडे धरली, बुडाशी डोळा नेला. मग नखानं खरवडलं. तिच्या नखावर मेणाचा बारीक कण आला. तांबूस. कुंकवाचं मेण.

मामलेदारांना त्यात काही कळलं नाही. बायकांना सगळ्यांना कळलं. आक्काच्या कपाळाला वीस वर्षांत कुंकू नव्हतं, आणि आमच्या घरात सवाशीण एकच होती. एकामागून एक सगळ्या माझ्याकडे वळल्या. आक्कानं मात्र माझ्याकडे पाहिलं नाही. मूठ मिटून ती म्हणाली, “माजी चूक हाय, सायेब. भोकाला मेन बसलंय. वाटी माज्याकडं असते, तवा ते माज्याच हातचं. आता परत मोजा.”

“झालं!” मुनीम म्हणाला. “राखणारीच मेण लावते. असल्या मापावर सरकारनं विश्वास ठेवायचा?”

मामलेदार कागदाची घडी घालायला लागले होते.

मी का बोलले ते नीट सांगते, कारण पुढे काहींनी त्याला धीटपणाचं नाव दिलं. ओहोळ जाईल ही भीती होतीच. पण ती नुसती असती तर मी घाबरून गप्प बसले असते. मला सहन झालं नाही ते वेगळंच. मी केलेलं पाप ती माझ्या डोळ्यांदेखत स्वतःच्या पदरात घेत होती, आणि सगळ्या बाया तिच्याकडे देवीकडे बघावं तशा बघत होत्या. माझी चोरीसुद्धा तिचीच पुण्याई होणार! नाही. ती तरी माझी होती.

मी पदर मागे सारून पुढे गेले. “मेण मी लावलं,” मी म्हणाले. “माझ्या करंड्यातलं. पंधरा दिवस झाले.”

“का?” मामलेदारांनी विचारलं.

“यांची नाचक्की व्हावी म्हणून. सगळं गाव यांचं ऐकतं, ते मला बघवत नाही.”

नवऱ्यानं खाली मान घातली. मामलेदारांनी कागदाची घडी पुन्हा उलगडली. मग म्हणाले, “नाचक्की झाली का?”

“लोक कुरकुरायला लागले. ज्यांची पाळी शेवटी यायची त्यांची वाटी अंधारात जायला लागली.”

“कोणाकोणाची?”

मग ती घरं आपणहून बोलायला लागली. आमची अमुक दिवशी गेली, आमची तमुक दिवशी. क्रम कसा सरकतो ते मामलेदारांनी बोटांवर मोजून पाहिलं आणि ते बरोबर जुळलं. त्यांनी वाटी स्वतःच्या हातानं पुन्हा पाण्यात सोडली. या खेपेला बावीस मिनिटं भरली, म्हणजे तीस वाट्यांचे अकरा तास. ते मुनिमाकडे वळून म्हणाले, “जे माप चालत नाही त्याच्याशी कोणी लबाडी करत नाही. इथे वाटीमागे दोनच मिनिटांचा फरक पडला तर पंधरा दिवसांत गाव कुरकुरायला लागलं.” मुनीम काहीतरी पुटपुटला, पण ते घड्याळ खिशात टाकून चालायला लागले होते.

त्या दिवसानंतर माझं काय झालं असेल ते ज्यानं त्यानं ताडावं. नवरा महिनाभर बोलला नाही. पाटावर बाया मला वाट देऊन बाजूला होत, आणि ती वाट मानाची नव्हती. आक्का मात्र माझ्याशी आधी जशी वागायची तशीच वागत राहिली. मी वाढलेली भाकर खायची, ताट उचलून धुऊन ठेवायची. एकदा तरी शिव्या घालायच्या होत्या! निदान तिच्यात काहीतरी खोट काढता आली असती. एका संध्याकाळी मीच विचारलं, तुम्हाला माझा राग नाही आला? ती सुपात तांदूळ पाखडत होती. “आला ना,” ती म्हणाली. “तुज्याजवळ सगळं व्हतं. माज्याजवळ येक वाटी. ती बी तुला बगवंना.” आणि पाखडत राहिली.

होळीच्या सुमारास हुकूम आला. गाव ओटीवर जमलं. वाचणारी मीच, दुसरं कोण होतं? या खेपेला मला दाराआड उभं राहायला कुणी सांगितलं नाही. आक्का घंगाळाशी मावशीला बसवून आली होती आणि खांबाला टेकून बसली होती. मी वाचलं. पाण्यावर गावाची जुनी वहिवाट आहे, दिवाळीपासून मिरगापर्यंत ओहोळाच्या पाण्याला शेठनं हात लावू नये, हवं तर पावसाचं साठवावं. गावातील एका बाईने मापात केलेल्या लबाडीच्या कबुलीवरून आणि त्याबद्दल इतरांनी केलेल्या तक्रारींवरून, वाटीचे माप प्रत्यक्ष चालू असल्याची खात्री झाली.

माणसं उठून ओरडायला लागली. कुणी गुलाल आणायला धावलं. चुलतसासऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या गोंधळात आक्का खांब धरून उठली आणि माझ्याजवळ आली. कागदावरच्या अक्षरांकडे बघत तिनं हळूच विचारलं, “आनि वाटी कोन राकतं, ते लिवलंय का गं त्यात?”

मी कागदाकडे पाहिलं. तिच्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. वीस वर्षं उन्हात बसून जिनं ते माप खरं ठेवलं ती कागदात नव्हती, आणि जिनं ते बिघडवलं ती होती. तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं ते मला चांगलं ओळखीचं होतं. मी ते रोज करंड्याच्या आरशात बघत आले होते.

एक ओळ मनाची घालून वाचली असती तर कुणाला कळणार होतं? गावात दुसऱ्या कुणाला अक्षर येत नव्हतं. पाणी तर राहिलंच होतं. त्या ओळीनं कुणाचं काही जाणार नव्हतं, आणि तिला मरेपर्यंत पुरली असती. ती ओळ माझ्या ओठांवर तयारही होती.

“नाही,” मी म्हणाले. “तसं काही लिहिलेलं नाही.”

“बरं,” ती म्हणाली, आणि घंगाळाकडे गेली, कारण पाळी चालू होती.

खरं सांगताना मला इतका आनंद आयुष्यात पुन्हा कधी झाला नाही. आता या वयात, हे सगळं लिहून काढायचं ठरवलं तेव्हा, यात कुणाचंच नाव घालायचं नाही असं मी ठरवून टाकलं. घरातल्या सगळ्यांनी त्याला माझा भिडस्तपणा म्हटलं. कुणाचंच घातलं नाही, म्हणजे तिचंही घालावं लागत नाही.